बुधवारी सगळेच थकले

माणूस थकलाय की नाही, हे मी त्याच्या नुसत्या चालण्यावरून सांगतो. बढाई नाही, नोकरीच आहे ती. आमच्या बस डेपोत गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हर माझ्या टेबलापुढे उभा राहतो. मी त्याचे डोळे बघतो, आज वार कोणता ते विचारतो आणि मगच किल्ली देतो. वार चुकला की माणूस थकला. वर हुज्जत घातली तर नक्कीच थकला, कारण ताजातवाना माणूस हुज्जत घालत नाही. एकोणीस वर्षांत एकही पेंगुळलेला ड्रायव्हर माझ्या हातून सुटलेला नाही!

गेल्या आठवड्यात माझा जोडीदार रजेवर होता. त्याची ड्युटीही मीच ओढली. आठ दिवस, दोन-दोन पाळ्या. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही थकलायत. मघाशी चहात चमच्याऐवजी पेन फिरवत होतात."

"थकवा मला शिकवू नकोस," मी म्हणालो. पेनला टोपण होतं, हे तिला दिसलं नाही.

त्यात तिची वेगळीच धांदल. दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापिका म्हणून पहिल्यांदा शाळेत जाणार होती. आठ वाजता सगळ्या शाळेपुढे भाषण, आणि त्यासाठी सातची बस. बावीस वर्षं शिकवल्यावर मिळालेली खुर्ची, पहिल्याच दिवशी उशीर झाला तर तोंड दाखवायला जागा नाही, असं ती घोकत होती. मी म्हटलं, बस माझ्या हातात आहे, तू निश्चिंत राहा.

सकाळी ती उठायच्या आत मी डेपोत हजर. सगळ्यात आधी आला जोडीदार, रजा संपवून, गुटगुटीत होऊन.

"तुम्ही कसे काय आज?"

"ते राहू दे. वार कोणता?"

"बुधवार."

मला त्याची कीव आली. आठ दिवस लोळूनही ही अवस्था! "मंगळवार आहे," मी म्हणालो. "घरी जा, झोप काढ."

"अहो, पण..."

झाली हुज्जत सुरू. मी रजिस्टरात नोंद केली.

मग मिशीवाला ड्रायव्हर आला. बुधवार म्हणाला. उंच ड्रायव्हर आला, तोही बुधवार. आमच्या ड्रायव्हरबाई तर कधी चुकत नाहीत, त्याही बुधवार! मला वाटलं, साथ वगैरे आली की काय. चौथा ड्रायव्हर भारी हुशार. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणाल तो." ज्याला स्वतःचा वार ठाऊक नाही, त्याच्या हातात स्टिअरिंग कसं द्यायचं? त्यालाही बाहेर बसवलं.

सात वाजले तरी चार गाड्या जागच्या हलल्या नाहीत. फाटकाबाहेर प्रवासी कावले होते. मी मात्र ताठ. मोठ्या साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, "एका सकाळी पाच जण पकडले." साहेबांनी तो आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. कौतुकानं असणार.

तेवढ्यात बायको आत आली. हातात भाषणाचा कागद, चेहरा रडवेला. "सात वीस झाले. बस कुठंय?"

"एकही ड्रायव्हर धड नाही गं."

तिनं कागद टेबलावर ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"बुधवार. तुमची सुट्टी. मला वाटलं, फिरायला गेलात."

"काहीतरीच काय? हे रजिस्टर बघ..."

"हुज्जत," दारातून मिशीवाला हळूच म्हणाला.

मी रजिस्टर बघितलं. मंगळवारचं पान आधीच भरलेलं होतं, माझ्याच अक्षरात. आजची पाच नावं मी समासात कोंबली होती. आपल्यामुळे हिची खुर्ची पहिल्याच दिवशी डळमळणार!

जोडीदार घरी गेलाच नव्हता. त्यानं मुकाट्यानं किल्ल्या वाटल्या. मिशीवाल्यानं गाडी काढली आणि आठाला दोन मिनिटं कमी असताना बायकोला शाळेच्या दारात उतरवलं. भाषणाचा कागद मात्र माझ्या टेबलावरच राहिला.

मग ती कागदाशिवायच बोलली. विषय, थकवा कसा ओळखावा. नाव नाही घेतलं, "माझ्या परिचयाचे एक गृहस्थ" एवढंच म्हणाली. मुलं पोट धरधरून हसली, मास्तरलोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बायकोचं पहिलंच भाषण असं गाजलं आणि त्यातला सगळा मालमसाला मी पुरवलेला! माझी छाती अभिमानानं फुगली.

फुगली ती गुरुवारी. त्याआधी मी झोपलो होतो. आणि तो गुरुवारच होता, शेजाऱ्यांना विचारून घेतलं.