बळीकाकांच्या मापाची होडी

आमचे शेजारी बळीकाका कांबळे रोज सकाळी साडेसातला पलंगावर बसून बांबूखालून डोकं काढायचा सराव करायचे. बांबू सुमनकाकू फिरवायच्या. मोहोपाड्याच्या आमच्या कॉलनीत भिंती पातळ, त्यामुळे मला चहाबरोबर सगळं ऐकू यायचं. आधी "आला बघा!", मग "ठक्", मग काकांचा स्फोट.

"खाली धरलास गं बांबू!"

"होता तिथंच हाय. तुमीच वाकत नाय."

"मी का वाकू? दांड्यानं वर जायाचं!"

काका तरुणपणी नौदलात होते, नंतर रसायनीच्या कारखान्यात फिटर. वय सदुसष्ट, वजन एकशे बारा किलो, आणि राग त्याहून थोडा जास्त. दुधवाला, रिक्षावाला, हवामानाचा अंदाज, कुणाचीच सुटका नसायची. निवृत्तीला सहा वर्षं झाल्यावर त्यांनी ठरवलं, शिडाची होडी घ्यायची. वारा फिरला की शिडाखालचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला येतो, तेव्हा डोकं वाचवावं लागतं. बांबू त्यासाठी.

लोधिवलीच्या पलीकडे एका तळ्यावर शिडाच्या होड्यांचा छोटा क्लब आहे. माझ्या स्कूटरवरून आम्ही तिथे गेलो. स्कूटरनेही नाराजी दाखवली. क्लबच्या मॅनेजरने काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक निमुळती, चकचकीत होडी दाखवली. "एकट्यासाठी बेस्ट आहे, काका. फक्त वजन जरा कमी करा."

"होडी मला मापणार का मी होडीला?" काका गरजले आणि तिच्यात चढले. निदान एक पाय तरी चढला. दुसरा उचलेपर्यंत होडी कलंडली आणि काका पाण्यात. बुडण्याची भीती नव्हती, ते पट्टीचे पोहणारे. प्रश्न परत चढण्याचा होता. काठ उंच, पोट मोठं, हातात जुना जोर नाही. शेवटी तिघांनी खालून रेटलं तेव्हा काका होडीत पडले, तेही तोंडावर.

मॅनेजर हसला. "काका, या वयात घरी नातवंडं खेळवावीत."

तो हसला त्याचा मला अजून राग आहे. काकांनी मात्र चिखल पुसत एवढंच म्हटलं, "बोटं कापून घ्यायची हौस नाय मला. तुझी ही निमुळती सुरी तूच ठेव."

त्यानंतर दोन महिने ते दर रविवारी तिथे जायचे आणि प्रत्येक होडीशी भांडायचे. ही अरुंद. हिच्यात काठावर लोंबकळून बसावं लागतं, "मी काय वटवाघूळ हाय?" हिचा दांडा खाली. हिचं शीड एवढं मोठं की वारा वाढला तर आवरायचं कुणी? एका होडीत सगळं ठीक होतं, पण खाली पाय पसरून बसायला जागा नव्हती. मी म्हटलं, पाय दुमडून बसा. काका माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

शेवटी शेडच्या मागे, गवतात पालथी पडलेली एक जुनी होडी त्यांना सापडली. रुंद, बुटकी, जाडजूड.

"ती परात आहे हो," मॅनेजर म्हणाला. "शर्यतीत शेवटी येते."

"परातच पायजे! पेला कलंडतो, परात कधी कलंडली काय रं?"

होडी पाण्यात घातली. काका तिच्या कडेवर उभे राहिले. ती नुसती झुकली. दांडा बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वीतभर वरून गेला. मग कपड्यांनिशी मुद्दाम पाण्यात उडी मारून, मागच्या सखल बाजूने, दोरीच्या फासात पाय ठेवून ते एकटे वर आले. लाल झाले होते, धापा टाकत होते, पण एकटे आले होते.

होडी घेतली. मी म्हटलं, "पहिल्या फेरीला मी येतो जोडीला."

"तू कशाला? जागा भरलीय."

पुढच्या रविवारी काका कर्जतकडच्या एका गावातून टेंपो घेऊन आले. टेंपोत खुर्चीवर एक वाळलेला म्हातारा होता, तुकाराम ठोंबरे. काकांचा नौदलातला जोडीदार. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्याची डावी बाजू गेली होती, आणि वाचाही. काकांनी त्याला तरंगायचं जाकीट चढवलं, उचललं, होडीच्या तळाशी पाय पसरून बसवलं, पाठीला उशी लावली.

काकू माझ्याजवळ काठावर उभ्या होत्या. "ह्यो भाऊजी नि हे, जल्मभर भांडले," त्या म्हणाल्या. "आता भाऊजींना बोलता येत नाय, तर हे रोज संध्याकाळी त्येंच्याकडं जाऊन दोघांचं एकटेच भांडत्यात. आधी आपलं बोलायचं, मग त्येंचं."

मंद वारा होता. शीड भरलं. काकांनी सुकाणूचा दांडा ठोंबऱ्यांच्या उजव्या हातात दिला आणि ओरडले, "डावीकडं घे! तुक्या, डावीकडं!"

ठोंबऱ्यांनी काकांकडे पाहिलं आणि होडी सरळ उजवीकडे घेतली.

"गाढवा, सांगतो काय नि करतोस काय!" काका तळं दणाणून टाकत ओरडले. शिव्यांवर शिव्या. ठोंबरे अर्ध्या तोंडाने हसत होते. काका ओरडतच होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना समोरच्याचं उत्तर स्वतः द्यावं लागत नव्हतं.