चौथ्या पायरीवरचा जोर

इंग्रजी शब्द कितीही लांबलचक असो, त्याचे तुकडे पाडले की तो मुकाट्याने तोंडात बसतो, असं माझं ठाम मत होतं. म्हणूनच साहेबांनी कंपनीच्या वर्धापनदिनाला इंग्रजीत भाषण कोण करणार, असं विचारलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला. भाषण रंगलं की प्रसिद्धी विभागाची रिकामी खुर्ची माझीच, असं ते स्वतः म्हणाले होते!

भाषणात एकच शब्द आडवा येत होता. रिस्पॉन्सिबिलिटी! मी त्याला घराच्या जिन्यावर नेलं. एक तुकडा, एक पायरी. रि, स्पॉन्, सि आणि चौथ्या पायरीवर दाणकन पाय आपटून "बि!" कारण सगळा जोर तिथेच. मग हलकेच लि, टी.

"अहो, जिना पडेल!" बायको ओरडली.

"पडू दे! जिना गेला तरी चालेल, बढती आली पाहिजे!"

खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, आमचं कडाक्याचं भांडण चाललंय. त्या बायकोला हळूच म्हणाल्या, "आजची रात्र आमच्याकडे झोपायला ये हो." पण मी मागे हटलो नाही. आठवडाभरात शब्द असा घोटला गेला की जिना चढताना तो आपोआप बाहेर पडायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी बायको पहिल्या रांगेत बसली. सुरुवात झकास झाली, टाळ्यासुद्धा पडल्या. मग तो शब्द आला.

"रिस्पॉ..."

पुढे काही येईचना! पाय एका जागी उभे, तर जीभही हलायला तयार नाही. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. खुर्ची हातची जाताना दिसली, तसा मी माईक घेऊन तडक स्टेजखाली उतरलो आणि पुन्हा चढू लागलो.

"रि! स्पॉन्! सि!"

पायऱ्या तीनच होत्या हो! चौथं पाऊल पडलं ते थेट स्टेजच्या फळीवर, आणि तेही आठवडाभराची तालीम झालेलं.

"बि!"

फळी कडाडली आणि मी गुडघ्यापर्यंत आत! तेवढ्यात पहिल्या रांगेतून बायकोचा काळजीचा आवाज आला, "अहो, लि आणि टी राहिलं!"

मग जो हशा पिकला, तो काही केल्या थांबेना. दोघांनी मला उपसून बाहेर काढलं. साहेबांनी आधी भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खुर्चीचं विसरा," ते म्हणाले. "ही फळी नवी बसवून घ्यायची जबाबदारी तेवढी तुमची."

जबाबदारी! इतका सोपा शब्द, आणि मला तो जिन्याशिवाय म्हणता येत होता!