नथ्थूभाऊंची उजवी बाजू

नथ्थूभाऊ अर्धी दाढी करून आमच्या ओसरीवर आले, तेव्हा मला वाटलं, कुणाशी पैज लागली असेल. उजवा गाल तुळतुळीत, डाव्यावर साबण वाळलेला. विचारलं तर म्हणाले, "झाली ना दाढी, मास्तर. दिसून नाई राह्यली का?"

चामोर्शीच्या तळ्यावर मासे धरणारे ते जुने ढिवर. माझ्या शेजारी एकटेच राहायचे. आपल्या डोंग्यात दुसऱ्याला बसू देत नसत. "आपल्याले गर्दी नाई जमत," एवढंच सांगायचे. त्या दाढीच्या थोडं आधी त्यांना लकवा झाला. पाय ओढत का होईना, चालू लागले. डावा हात मात्र लुळाच राहिला. विधवा बहीण भागाबाई सांभाळायला आली.

ती ताटभर भात आणि मासोळीचं कालवण वाढायची. भाऊ उजवीकडचा भात संपवून ओरडायचे, बहीण उपाशी मारते म्हणून. भागाबाई निमूटपणे ताट फिरवायची. भाऊ खूश. पुन्हा वाढलं असं समजून जेवायचे. आम्ही शेजारी पोट धरून हसायचो.

चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे शाबूत आहेत, डोक्यातून डावी बाजूच गेली आहे. माझं हसू जागीच विरलं. माणसाचं अर्धं जग हरवतं आणि त्याला पत्ताही लागत नाही?

एका सकाळी आरडाओरडा ऐकून धावलो. भाऊ खाटेखाली पडले होते. उजव्या हातानं स्वतःचंच डावं मनगट धरून ओढत होते.

"हा कोन येऊन झोपला माया खाटेवर? काढा त्याले."

भागाबाईनं तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, भाऊ, तो तुमचाच हात आहे. त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"माया हात असा थंडा असते का, मास्तर?"

 पुढे कितीतरी दिवस ते त्या हाताला शिव्या घालत, खाटेवरून ढकलत आणि त्याच्यासोबत स्वतःही पडत.

थंडी पडली. एकदा सकाळी गेलो तर भाऊ उघड्या अंगानं कुडकुडत बसलेले. घरातली एकुलती घोंगडी त्यांनी त्या हाताभोवती गुंडाळली होती आणि तो छातीशी धरला होता. मी घोंगडी त्यांच्या खांद्यावर ओढायला गेलो. त्यांनी मला थांबवलं.

"असू द्या," ते हळूच म्हणाले. "इतकं हाकललं, तरी जाऊन नाई राह्यला. कोनी नसंल बिचाऱ्याले."