नव्या उपासनेची काळी चौकट

“आजपासून ही मंडळी जगाच्या टोकापर्यंत जाणार!” पाळकसाहेबांनी व्यासपीठावर मूठ आपटून जाहीर केलं.

“चालत?” पुढच्या बाकावरून ऑर्गनवाल्या मावशींनी विचारलं.

प्रश्नात थट्टा नव्हती. मावशी एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. घरून चर्चपर्यंतच्या दोन गल्ल्या ओलांडताना त्यांना मध्ये एकदा कुणाच्या तरी पायरीवर बसावं लागे. बाकीच्यांची स्थितीही फार वेगळी नव्हती. त्या बाप्टिस्ट चर्चच्या यादीत पाळक आणि त्यांची बायको धरून चौदा सभासद उरले होते, आणि चौदा जणांचे मिळून धड गुडघे मोजले असते तर नऊ भरले असते. गेल्या वर्षभरात मंडळीने चार जणांना पुरलं होतं आणि बाप्तिस्मा एकालाही दिला नव्हता. बाप्तिस्म्यासाठी माणसाला पुरतं बुडवून वर काढायचा व्यासपीठाखालचा हौद अकरा वर्षं कोरडा होता. त्यात जादा खुर्च्या ठेवल्या होत्या. जादा म्हणजे चौदाव्याच्या पुढच्या सगळ्या.

जगाचं टोक म्हणजे चर्चभोवतीच्या सहा गल्ल्या, असा खुलासा पाळकसाहेबांनी केला. त्या गल्ल्यांत शेकडो थकलेली, एकटी, दुःखी माणसं राहतात. त्यांच्यासाठी दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता वेगळी उपासना सुरू करायची. सोपी गाणी, छोटा उपदेश, कुणावर सक्ती नाही.

“छोटा म्हणजे?” पाळकांच्या बायकोने विचारलं.

“पस्तीस मिनिटं.”

“मग माणसं थकलेली यायची आणि झोपून जायची.”

ही उमेद आपोआप आलेली नव्हती. चर्चची इमारत ज्याच्या मालकीची, त्या चर्चच्या संघाचं पत्र आलं होतं. नव्या उपासनेच्या पहिल्याच संध्याकाळी संघाचे सचिव जातीने येणार आणि डोकी मोजणार. सभासद सोडून बाहेरची चाळीस माणसं दिसली तर मंडळी चालू राहील. एकोणचाळीस दिसली तर महिनाअखेर दाराला कुलूप लागेल, सभासदांना नदीपलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये वर्ग करण्यात येईल आणि पाळकसाहेबांना घरी बसवण्यात येईल. पाळकसाहेबांचं वय एकसष्ट होतं. घर मंडळीचं होतं. म्हणजे घरी बसवलं तरी बसायचं कुठे, याचा उल्लेख पत्रात नव्हता.

जाहिरातीचं काम मीटरकाकांकडे आलं. मीटरकाका मंडळीचे एकमेव डीकन, म्हणजे पाळकांच्या खालोखाल जबाबदारीचे गृहस्थ. आयुष्यभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचलेले, त्यामुळे दिसेल ती गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पाळकसाहेबांचा एक फोटो आणि मजकुराचा कागद घेऊन ते कोपऱ्यावरच्या छापखान्यात गेले.

छापखानेवाल्याने फोटो पाहिला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला.

“अरेरे. हे सुद्धा?”

“हो. त्यांनीच पुढाकार घेतला,” मीटरकाका म्हणाले. “पन्नास प्रती काढ.”

“नेहमीसारख्याच ना, काका?”

“नेहमीसारख्याच. कागद तेवढा जाड लाव.”

गेल्या अकरा वर्षांत चर्चने त्या छापखान्यातून मृत्यूच्या सूचनांखेरीज काहीही छापून घेतलेलं नव्हतं. त्यामुळे छापखानेवाल्याने नेहमीची जाड काळी चौकट घेतली आणि फोटो नेहमीच्या लंबगोलात बसवला. ‘दुःखी जनहो, या’ आणि ‘रविवार, संध्याकाळी पाच’ हे जसंच्या तसं ठेवलं. ‘नव्या उपासनेचा शुभारंभ’ ही ओळ मात्र त्याला दुसऱ्याच कुणाच्या कागदावरून चुकून आल्यासारखी वाटली. अशा प्रसंगी चूक दाखवून घरच्यांना लाजवू नये, म्हणून त्याने ती गुपचूप गाळली.

शनिवारी सभासदांनी ते पन्नास कागद सहा गल्ल्यांत स्वतःच्या हातांनी चिकटवले. एकालाही काही खटकलं नाही. मंडळीचा कागद म्हटला की काळी चौकट असायचीच. तिच्याशिवाय तो त्यांना परका वाटला असता. पाळकसाहेब आठवडाभर खोलीत बसून उपदेश पस्तीस मिनिटांवर आणत होते. त्यांनी कागद पाहिलाच नाही.

रविवारी साडेचार वाजता पाळकांची बायको मागच्या दाराने, पाळकसाहेब तयारी करत बसले होते त्या चर्चमागच्या खोलीत आली. केस विस्कटलेले होते.

“रस्त्यात तिघींनी मिठ्या मारल्या मला. एकीने डोकं खांद्यावर घेऊन थोपटलं. म्हटलं, एवढं कौतुक आपल्या उपासनेचं?”

तेवढ्यात मीटरकाका सभागृहातून धापा टाकत आले. “साहेब! एकशे सत्तावीस! अजून येताहेत! हौदातल्या सगळ्या खुर्च्या काढल्या!”

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. इथल्या पाळकपणाच्या बावीस वर्षांची प्रार्थना एका दमात फळाला आली होती.

“फक्त एक आहे,” मीटरकाका म्हणाले. “सगळे काळे कपडे घालून आलेत. आणि रडताहेत.”

“उपदेशाच्या आधीच?”

मीटरकाकांनी खिशातून एका बाईच्या हातून पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला. पाळकसाहेबांनी लंबगोलातला स्वतःचा चेहरा बराच वेळ पाहिला. मग खुर्ची ओढून ते खाली बसले.

“फोटो चांगला आलाय,” बायको म्हणाली.

“मी आत्ता बाहेर जाऊन सांगतो.”

“सांगा की,” मीटरकाका म्हणाले. “सचिव शेवटच्या बाकावर वही उघडून बसलेत. तुम्ही दिसलात की माणसं उठणार. माणसं उठली की कुलूप.”

“मी खोटं बोलणार नाही.”

“बोलायचंच नाहीये. गप्प बसायचंय. मेलेला माणूस बोलतो होय?”

“घरी सांगते तेव्हा नाही बसत गप्प,” बायको म्हणाली.

बाप्टिस्ट मंडळीत बिशप नसतो, हुकूम नसतो, बहुमत असतं. मागच्या खोलीत सभासदांची तातडीची सभा भरली. मीटरकाकांनी ठराव मांडला: मोजणी पुरी होईपर्यंत पाळकसाहेबांनी याच खोलीत राहावं व आवाज करू नये. बाजूने बारा हात वर झाले. मावशींनी दोन्ही हात वर केले होते, त्यांतला एकच धरला. विरोधात एक, खुद्द पाळकसाहेब. त्यांची बायको तटस्थ राहिली.

“तू सुद्धा?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“तुमच्या बाजूने दिलं तर घर जातं आणि विरुद्ध दिलं तर तुम्ही जाता. जरा विचार तरी करू द्या.”

ठराव मंजूर झाला. दार बाहेरून लोटून घेण्यात आलं.

मावशींनी ऑर्गन धरला. त्यांना वेगवान गाणं कधीच वाजवता आलेलं नव्हतं, त्यामुळे स्वागतासाठी निवडलेलं आनंदाचं गीतही प्रसंगाला साजेसं झालं. मग मीटरकाका उभे राहिले. खोटं बोलायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. “आपण कशासाठी जमलोय ते तुम्ही सगळ्यांनी कागदावर वाचलंच आहे,” ते म्हणाले. “कुणाला पाळकसाहेबांविषयी दोन शब्द बोलायचे असतील तर बोला.”

दाराच्या फटीला पाळकसाहेबांनी कान लावला. माणूस कितीही नम्र असला तरी अशी संधी दोनदा येत नाही.

पहिला उठला किराणा दुकानदार. “सज्जन माणूस. दुकानात यायचे, चहापत्ती घ्यायचे, जायचे. कधी वाद नाही. कधी दुसरी चहापत्ती मागितली नाही.” तो थांबला, आणखी काही आठवतंय का पाहिलं आणि बसला.

मग न्हावी. “डोक्यावर केस कमी होते, पण जे होते ते नीट ठेवायचे.”

मग गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका. “मी इथे एकदा आले होते. बरीच वर्षं झाली. त्यांचा तो उपदेश मी कधीच विसरणार नाही.” दाराआड पाळकसाहेबांनी कान फटीला आणखी दाबला. “कारण त्या दिवशी माझी शेवटची बस चुकली.”

पुढे कुणी उठेना. एकशे चाळीस माणसं, बावीस वर्षं, आणि तिसऱ्या माणसापुढे मजकूर संपला. पाळकसाहेब दारापासून बाजूला झाले. त्यांनी टेबलावरचा पस्तीस मिनिटांचा उपदेश घेतला, दोन घड्या करून पुस्तकाखाली सरकवला आणि बूट शोधू लागले.

इकडे सभागृहात कुणीतरी विचारलं, “अंत्यदर्शन कुठे आहे?”

मीटरकाकांनी सचिवांच्या वहीकडे पाहिलं. “मागच्या खोलीत आहेत,” ते म्हणाले. हेही खरंच होतं.

रांग लागली. पहिल्या बाईने डोळे पुसत दार ढकललं. पाळकसाहेब खुर्चीत बसून डाव्या बुटाची नाडी बांधत होते.

“या,” ते म्हणाले. “आलोच मी.”

बाईची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली. त्यानंतर पाच मिनिटं चर्चमध्ये काय चाललं होतं ते धड कुणालाच सांगता आलं नाही. दोघे प्रार्थनेला लागले, एक खिडकीतून गेला, किराणा दुकानदार “मग मी दुकान बंद कशाला केलं?” असं प्रत्येकाला विचारत फिरला. छापखानेवाला मात्र जागचा हलला नाही. आपण छापलेलं आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं. त्याला धक्का बसला होता.

मीटरकाका धावत शेवटच्या बाकाशी गेले. “सचिवसाहेब, झाली ना मोजणी?”

“मोजणी उपासना संपताना,” सचिव म्हणाले. शांत, बारीक गृहस्थ होते. अशी सात चर्च त्यांनी बंद केली होती आणि एकाही ठिकाणी आवाज चढवला नव्हता. “समारोपाच्या गीताच्या शेवटच्या कडव्याला बाहेरच्यांची जितकी डोकी आत, तितकी धरायची. नियम आहे.”

पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. हातात कागद नव्हता. मंडळीने त्यांना कागदाविना प्रथमच पाहिलं.

“मी मेलेलो नाही,” ते म्हणाले. “मघाशीच येऊन सांगायला हवं होतं. ठराव झाला होता, पण दाराला कडी नव्हती. मीच थांबलो. तुमच्यापैकी चाळीस जण राहिले नाहीत तर हे चर्च बंद होणार आहे, म्हणून थांबलो. खरं सांगायचं तर आणखी एका कारणासाठी. माझ्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐकायचं होतं. ऐकलं. बावीस वर्षांत मी काय बोललो ते तुम्हाला आठवत नाही. आत बसून मीही आठवून पाहिलं. मलाही आठवेना.”

दाराकडे निघालेली काही माणसं थांबली. बरीच थांबली नाहीत. मीटरकाका खांबाआडून बोटांनी आकडे दाखवत होते. नव्वद. त्र्याहत्तर. न्हावी उठला, त्याच्या बायकोने त्याला कोटाला धरून खाली बसवलं. अठ्ठावन्न.

पाळकसाहेब बोलत राहिले. गेल्या वर्षी पुरलेल्या चार जणांविषयी बोलले. त्यांतल्या एकीच्या अंत्यविधीला ते स्वतः, मावशी आणि खड्डा खणणारा, एवढेच होते. “तिलाही ह्याच चौकटीत छापलं होतं,” ते म्हणाले. “आज माझ्यासाठी तुम्ही एवढे आलात. तिच्यासाठी कुणीच का आलं नाही, हे मी तुम्हाला विचारत नाही. मी तिच्याकडे ती जिवंत असताना वर्षभर गेलो नव्हतो.” सभागृहात कुणीतरी नाक शिंकरलं. सत्तेचाळीस. उपदेश नऊ मिनिटांत संपला. पाळकांच्या बायकोने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

समारोपाचं गीत सुरू झालं. बाप्टिस्ट उपासनेचा हा सगळ्यात नाजूक क्षण. पाळक दोन्ही हात पसरून उभा राहतो आणि ज्याच्या अंतःकरणाला हाक ऐकू आली असेल त्याने सर्वांदेखत पुढे चालत यायचं असतं. अकरा वर्षं पाळकसाहेब दर रविवारी असे हात पसरत होते आणि दर रविवारी रिकामे खाली घेत होते.

दुसऱ्या कडव्याला चौघे निघून गेले. तिसऱ्याला आणखी तिघे. मीटरकाकांनी दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडली आणि मिटली. चाळीस. बरोबर चाळीस. शेवटचं कडवं उरलं होतं.

आणि मधल्या रांगेतून एक बाई उठली. करड्या स्वेटरची, पन्नाशीची, कुणाच्या ओळखीची नसलेली. तिने पिशवी खांद्याला लावली. मीटरकाकांचे हात हवेतच राहिले. पाळकांच्या बायकोने डोळे घट्ट मिटून घेतले.

बाई दाराकडे वळली नाही. ती व्यासपीठाकडे निघाली.

मावशींचा हात ऑर्गनवर चुकला. सभासद एकेक करून उभे राहिले, नऊ धड गुडघ्यांवर जमेल तसे. बाई संथ पावलं टाकत, मान खाली घालून चालत होती. व्यासपीठासमोर लोकांनी आणून ठेवलेल्या फुलांचा ढीग होता, त्याच्यापुढे येऊन ती थांबली. शेवटचं कडवं संपलं. मागे सचिवांनी वहीत आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि मान हलवली. मीटरकाका खांबाला धरून मटकन खाली बसले.

पाळकसाहेबांना ते काही दिसलं नाही. त्यांना फक्त बाई दिसत होती. डोळ्यांतलं पाणी न पुसता ते वाकले आणि अकरा वर्षं कुणालाही न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला:

“बोला ताई. प्रभूपाशी काय मागायला आलात?”

बाईने इकडेतिकडे पाहिलं. मग टाचा उंचावून ती त्यांच्या कानाशी कुजबुजली. मध्ये माइक होता, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“साहेब, तुम्ही तर आहात अजून. मग मी आणलेली फुलं परत नेऊ का? उद्या आणखी एका मयताला जायचंय.”