टांझानियाच्या नेमाबाईंची चंदगड स्वारी

श्रीअंबाबाईचे चरणी मस्तक ठेवून, जे कानी आले आणि डोळां देखिले तितकेच लिहितो. पदरचा मीठमसाला घातला नाही.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, चैत्रमासी, करवीर मुक्कामी नेमा सलूम म्हणून टांझानिया मुलखीची विद्यार्थिनी मंगळवार पेठेत खोली करून राहत होती. तीर्थरूप सलूम दर्यापार काजूबागेचे धनी. दोन वर्षांमागे ऐन तोडणीच्या हंगामात नेमाबाई विद्येस्तव निघाल्या, आणि तीर्थरूपांची मर्जी खप्पा झाली, आणि तेव्हापासून ते फोनवर येईनात. मातोश्री बोलत, बंधू बोलत. मागे तीर्थरूपांचे खोकणे ऐकू येई, इतकाच सलूख उरला. विमानाने जाऊन पाय धरावे, तर खजिन्यात खडखडाट.

मग खोलीची सोबतीण अनुजा हिने मसलत दिली की, आपल्याच जिल्ह्यात चंदगडास काजू उतरतो आहे, शनिवार-रविवार जोडून लाल एसटीने जावे, घर नाही तरी घरचे झाड दिसेल. नेमाबाईंस मसलत मानवली. दोन पाठपिशव्या आणि भडंगाची पुडी ऐसा सरंजाम घेऊन शनिवारी सकाळी कूच केले.

पहिली गाठ गाडीतच पडली. अनुजाने बायकांची दोन अर्धी तिकिटे मागितली. वाहक पिराजीराव मनुष्य भला, परंतु नियमाचा पक्का. ते म्हणाले, "ह्या पावण्या परदेशच्या हायत. ह्यांना अर्धं बसतंय का न्हाय, मला ठावं न्हाय."

पुरे तिकीट काढावे तर परतीची पंचाईत. मग गाडीत दोन तट पडले, पुढील बाके पुऱ्याची आणि मागील बाके अर्ध्याची, आणि कागलापावेतो तुंबळ जाहले. तेव्हा लेकीकडून माघारी चाललेल्या चंदगडच्या बाळाबाई, डोईचा पदर सावरून, उठून उभ्या राहिल्या.

"बाई हाय की न्हाय ती? मग अर्धं फाड की. मुलूख कुठं लिवलाय?"

पिराजीरावांनी आगारास फोन लाविला, आणि फर्मान आले की, अर्धे द्यावे. त्यांनी तिकीट फाडले आणि आपलाच जीव हलका झाला ऐसे हसले.

नेमाबाईंनी बाळाबाईंस करवीरी बोलीत पुसले, "मावशी, तुमच्याकडं काजू हाय का?"

"काजूबिगर दुसरं हाय काय आमच्यात? चला घरला. दोन भाकरी जास्त थापीन."

ऐसा मुक्कामाचा बंदोबस्त आपसुक जाहला.

रविवारी प्रहर दिवस चढता स्वारी बाळाबाईंच्या काजूबागेत दाखल झाली. तांबडी-पिवळी बोंडे झाडाखाली पडली होती. नेमाबाई खाली बसल्या, आणि एका हाती बोंड, दुज्या हाती बी धरून असा पीळ दिला की बी सुटी होऊन टोपलीत. मग दुसरी, मग दहावी. अनुजाचे एक होई तों त्यांची चार होत. बाळाबाई पाहतच राहिल्या.

"कुणी शिकिवलं?"

"बाबांनी."

"बरा हाय का बा?"

"बरा हाय. बोलत न्हाय माझ्याशी."

बाळाबाईंनी पदराला हात पुसले आणि आज्ञा केली की, फोन लाव. पडद्यावर मातोश्री आल्या. बाळाबाईंनी फोन ओढून घेतला आणि झाडासमोर धरला, आणि फांदी दाखविली, मग बोंड, मग टोपली. पलीकडे मातोश्रींचा चेहरा बाजूस झाला आणि दुसरा आला, पिकल्या दाढीचा. तो कितीएक वेळ नुसता झाड न्याहाळीत होता. मग काही बोलला.

नेमाबाईंनी अर्थ सांगितला, "बाबा म्हणतायत, फांद्या लई खाली आल्यात. छाटायला पायजेत."

"सांग त्यास्नी, छाटायला माणूस मिळंना."

त्यावर तीर्थरूपांनी कळविले की, आम्हाकडेही तीच गत. मग उभय पक्षी मजूर, पाऊस आणि व्यापाऱ्यांविषयी दीर्घ खलबत जाहले, आणि नेमाबाई मध्ये दुभाषी. शेवटी तीर्थरूपांनी एक गोष्ट पुसली, तिचा अर्थ नेमाबाई सांगेनात. अनुजाने खोदून विचारिले, तेव्हा समजले की, जेवलीस का, इतकेच पुसत होते.

मग बाळाबाईच दर्यापार आवाज पोचावा ऐशा ओरडल्या, "जेवली की. दोन भाकरी खाल्ल्या तिनं."

येणेप्रमाणे दोन वर्षांचा अबोला चंदगड मुक्कामी मोडला आणि मोहीम फत्ते जाहली. आपले पक्षी नुकसान एक ओढणी, बोंडाच्या रसाने डागली, तो डाग आजपावेतो निघाला नाही. हे वर्तमान खरे म्हणून लिहिले असे.