वॉरेनसाहेबांचा आग्रह

कुठल्या देशाच्या माणसाशी कसं वागायचं हे आपल्याइतकं दुबईत कुणालाच कळत नाही, अशी भानुदास लांजेकरची ठाम समजूत होती. इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीत एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. अमेरिकन मॅनेजर वॉरेनसाहेबांनी त्याला आणि रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मारिसेलला थँक्सगिव्हिंग या त्यांच्या सणाच्या जेवणाला घरी बोलावलं, तेव्हा ती सल्ल्यासाठी त्याच्याकडेच आली. ती त्याला 'कुया' म्हणायची, म्हणजे दादा.

"कुया, आमच्याकडे पाहुण्यानं आधी नको म्हणायचं असतं. लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. अमेरिकेत कसं असतं?"

"तसंच असतं," भानुदास म्हणाला. कोकणात असतं म्हणजे जगात असणारच.

शनिवारी दोघं सकाळपासून उपाशी राहून गेले. साहेब एकटेच राहायचे. बायको आणि मुली ओहायोला. पहाटेपासून ओव्हनसमोर उभं राहून त्यांनी टर्की, म्हणजे त्यांची ती सणाची दांडगी कोंबडी, भाजली होती. ती एवढी मोठी, की भानुदासला आधी बोकडच वाटला. साहेबांनी दोघांना एकेक तुकडा वाढला. तो कधी संपला ते कळलंही नाही.

"आणखी?"

"नो थँक्यू, सर," दोघं एका सुरात म्हणाले.

"ओके," म्हणून साहेबांनी झाकण ठेवलं.

बटाट्यांचंही तेच झालं. मग गोड म्हणून भोपळ्याचा पाय आला, म्हणजे भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी. 'नो थँक्यू' म्हणताना मारिसेलनं ताटली स्वतःच मागे सरकवली, आणि पाय आला तसा किचनमध्ये परत गेला.

मेट्रो स्टेशनजवळ दोघांनी उभ्याउभ्या शवर्मा खाल्ला. "आमच्या गावात सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी लागतात," मारिसेल म्हणाली. "घरोघरी जायचं आणि प्रत्येक घरात जेवायचं. नको म्हटलेलं तिथे कुणी ऐकतच नाही."

इंटरनॅशनल सिटीतल्या आपल्या खोलीवर भानुदास पोचताच गावाहून बायकोचा, कुमुदचा फोन आला. "काय जेवलात साहेबाकडे?"

"पाय होता. घेतला नाही."

"कोणाचा पाय?"

"भोपळ्याचा."

"अहो, सुट्टी मिळते का बघा," कुमुद हळूच म्हणाली. "या एकदा घरी."

सोमवारी साहेब उतरल्या चेहऱ्यानं रिसेप्शनशी थांबले. भानुदास तिथेच मालाची चलनं घेऊन उभा होता.

"टर्की कोरडी झाली होती ना?" साहेब म्हणाले. "माझ्या मुली न विचारता दोन-दोनदा घेतात. तुम्ही दुसरा तुकडाही घेतला नाहीत. सगळी वॉचमनला देऊन टाकली."

मारिसेलला राहवेना. "सर, फार छान होती. आमच्याकडे तीनदा विचारतात. आम्ही तिसऱ्यांदा हो म्हणतो."

"आणि मी एकदाच विचारलं." साहेब कपाळावर हात मारून खुर्चीत बसले. "आमच्याकडे एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारणं असभ्य." मग म्हणाले, "इथे आल्यापासून मला तर कुणी जेवायला एकदाही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते नवा पाय घेऊन आले. मारिसेलला तीनदा विचारलं, अगदी परीक्षेला बसल्यासारखं. तिसऱ्यांदा तिनं मान डोलावली आणि केवढा तरी तुकडा घेतला. तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं साहेबांच्याच ताटलीत एक तुकडा वाढला, न विचारता.

साहेब भानुदासकडे वळले. कुणीतरी आपल्याला आग्रह करतंय, याच आनंदात तो पहिलं नको म्हणाला. दुसऱ्या नकोला त्यानं ताटलीवर हात आडवा धरला. तिसऱ्यांदा मानही फिरवली. अशा वेळी त्याची आई हात बाजूला ढकलून वाढायची आणि वर म्हणायची, "गप जेव."

"ओके," साहेब म्हणाले आणि डबा बंद केला.

भानुदासनं हात मात्र थोडा वेळ तसाच धरून ठेवला, न जाणो.