साचेगल्लीतली मोजणी

माधवनगरच्या साचेगल्लीत विजेच्या खांबावर कॅमेरा बसवून प्रियदर्शनी शिडीवरून उतरली, तेव्हा खाली तवनाप्पा मगदूम पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मुलगी कोरेगावची, शिकलेली नगररचना. गिरण्या बंद पडल्या, तरणी माणसं पुण्याला गेली आणि हा सगळा भाग आक्रसत चालला. तो पुन्हा उभा करायचा आराखडा तिच्या कंपनीकडं आला होता.

"ह्यो कशाला लावलाय, ताई?"

"माणसं आणि गाड्या मोजायला, काका. जिथं वर्दळ आहे तिथं आधी काम करायचं. चौक, झाडं, बाजार, बसायला कट्टे. ओस पडलेल्या गल्ल्या मात्र सोडून द्याव्या लागतील."

तवनाप्पांनी गल्लीकडं पाहिलं. गिरणीची पाळी सुटली की या गल्लीतून सायकल हातात धरून चालावं लागे. आता बहुतेक दारांना कुलपं होती. वर्दळ म्हणाल तर एक म्हैस, तीही पलीकडच्या गल्लीतली.

ते तडक याकूबच्या घरी गेले. दोघांनी उभी हयात गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणत काढलेली.

"याकूब, ऊठ. चालायचं हाय."

"कुठं रं?"

"कुठं न्हाई. हितनं तिथं, तिथनं हितं. कॅमेरा बघतोय."

दुसऱ्या दिवसापासून उरलीसुरली गल्ली चालायला लागली. रंगुबाई मेथीची एकच पेंढी घेऊन दिवसभर बाजारातून येत राहिल्या. दुपारी याकूब म्हणाला, "मावशी, पेंढी तरी बदला. सुकलीया. कॅमेऱ्याला बी कळंल." सुलाबाई तर दर फेरीला लुगडं बदलायच्या, म्हणजे प्रत्येक वेळी बाई नवी. स्वतःची लुगडी संपल्यावर त्यांनी तवनाप्पांच्या बायकोची, शालनताईंची आणली. त्यामुळं तवनाप्पांनी एकदा मागून "जेवायला काय केलंयस गं?" असं विचारलं आणि सुलाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण चालायच्या थांबल्या नाहीत.

गल्लीतल्या धनाजीनं आपला टेम्पो आणला. एकट्याच्या टेम्पोनं काय होणार म्हणून स्टँडवरचे दोस्त बोलावले. ते आठवडाभर रिकाम्या गाड्या घेऊन गल्लीतून गरागरा फिरले.

"आवं," शालनताई दारातून ओरडायच्या, "दिवस बुडायच्या आत जेवायला येताय का नुसती गर्दीच करताय?"

आठवडा संपला. आराखडा दाखवायला शाळेत सभा भरली. भिंतीवरच्या नकाशात साचेगल्लीवरून एक जाड लाल पट्टा गेला होता. तवनाप्पांची छाती फुगली.

"तुमच्या गल्लीचे आकडे बघून आम्ही चक्रावलोच," प्रियदर्शनी म्हणाली. "इतक्या अरुंद रस्त्यावर इतक्या गाड्या? म्हणून इथून चौपदरी रस्ता सुचवलाय."

"आनि घरं?"

"दोन्ही बाजूंची जातील, काका."

याकूब म्हणाला, "म्हंजी आमी आमच्याच घरावनं चालत हुतो व्हय?"

सभा पांगल्यावर तवनाप्पांनी प्रियदर्शनीला सगळं सांगितलं. पेंढी, लुगडी, टेम्पो, सगळं. तिनं डोकं धरलं.

"असं का केलंत हो?"

"ओस गल्ल्या सोडून देनार म्हनालासा. आमाला आदीच लय जनांनी सोडलंय."

तिनं नकाशा भिंतीवरून काढून गुंडाळला. मग म्हणाली, "रविवारी मी स्वतः येते. पुन्हा मोजणी करू, आकडे कमी आले की रस्ता रद्द होईल. या वेळी काहीही करू नका. आहात तसे घरात बसा."

तवनाप्पांना हायसं वाटलं. पण चौपदरी रस्त्याची बातमी तोवर पुण्याला पोचली होती.

शनिवारी तवनाप्पांचा अतिशय नावाचा मुलगा बायको दीपालीला आणि छोट्या आर्जवला घेऊन दारात उतरला. सणालासुद्धा येत नसे तो. पाठोपाठ सुलाबाईंची क्रांती आली, याकूबचा आसिफ आला. कुलपं निघाली, जाळ्या झटकल्या गेल्या. रविवारी सकाळी गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या, पोरं क्रिकेट खेळत होती आणि सख्खे भाऊ वाटणीवरून भांडत होते. शालनताईंनी दळण संपलं म्हणून आनंदानं आरडाओरडा चालवला होता.

"आबा, मोबदला चांगला मिळेल," अतिशय म्हणाला. "उताऱ्यावर माझं नाव लावून घेऊ."

"ते ऱ्हाऊ दे रं. आज दुपारपातूर जरा समद्यांनी घरात बसा."

"का?"

"मोजनी हाय."

"मोजणी?" अतिशय ताडकन उठला. "आणि हे आत्ता सांगताय?"

त्याच्या डोक्यात जमिनीची मोजणी. त्यानं बाहेर जाऊन हाळी दिली. क्षणात घराघरातून माणसं निघाली. आपला हिस्सा हुकू नये म्हणून जो तो आपल्या उंबऱ्यासमोर बायकापोरांसकट उभा राहिला. माणसांतून वाट काढत प्रियदर्शनी कशीबशी आत आली.

"काका, हे काय? पुन्हा तेच?"

"न्हाई, ताई. मी कुनाला बोलावलं न्हाई."

"मग खरं सांगा. ही माणसं आणलेली आहेत की इथलीच?"

"सांग की," याकूब कानाशी कुजबुजला. "परकी हायत म्हनावं, घरं वाचत्याल. सांजच्याला जातील समदी."

तवनाप्पांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आर्जवनं पळत येऊन त्यांच्या पायांना मिठी मारली. मागून अतिशयनं खांद्यावर हात ठेवला. दारातून शालनताई एकेकाचं नाव घेऊन पोहे खायला हाका मारत होत्या. एवढी नावं त्या दारातून कैक वर्षांत कुणी घेतली नव्हती.

"हितलीच हायत," तवनाप्पा म्हणाले. "समदी आमचीच."

प्रियदर्शनीनं मान हलवली आणि पहिल्या घरापासून मोजायला सुरुवात केली.

याकूबनं आपल्या दोस्ताकडं एकदा पाहिलं. मग घराकडं वळून बायकोला हाक मारली, "जरिना, सामान भराय पोती काढ."